मिशीसकट बायकांच्या रांगेत

लस घ्यायला गेलो त्या दिवशी मी मिशीसकट बायकांच्या रांगेत जाऊन उभा राहिलो. मला कोणी ढकललं नव्हतं, पाय चुकून वळला नव्हता, आणि उन्हानं डोकंही तोवर फिरलं नव्हतं. ते थोड्या वेळानं फिरायचं होतं. चांगला विचार करून उभा राहिलो. माझ्या आधार कार्डावर तेव्हा शीला हे नाव होतं आणि नावाखाली 'स्त्री' असं छापलेलं होतं. सरकारी दारात कागदाला धरून वागावं म्हणजे लफडं होत नाही, अशी माझी आयुष्यभराची समजूत. कागद बाईचा, म्हणून रांग बाईची. या सगळ्या विचारात माझा चेहरा धरायचा मात्र राहून गेला. चेहऱ्यावर नवीकोरी मिशी होती. मास्क हनुवटीवर उतरवला होता, कारण मास्क वर ओढला की मिशी झाकली जायची आणि इतक्या वर्षांनी आलेली वस्तू झाकून ठेवायला माझं मन घेत नव्हतं.

"ओ भाऊ," मागून आवाज आला, "इकडं बायकायची लाईन आहे. दिसून नाई राह्यलं का?"

"मला माहीत आहे," मी म्हणालो. उत्तर किती वाईट होतं ते मला तोंडातून निघाल्यावर कळलं.

"माईत आहे अन् तरी उभा आहे! आयकलं का वो बाई, माईत आहे म्हंते!"

त्या बाईंना तसंच ओरडत ठेवून मला थोडं मागं जावं लागेल, नाहीतर मी त्यांना वाटलो तसाच वाचणाऱ्यालाही वाटेन.

लोक आत्मकथनात मिसरूड फुटल्याचं प्रकरण अगदी सुरुवातीला घालतात. माझं इतकं उशिरा येतंय, कारण ते आलंच उशिरा. सिंदेवाहीकडच्या एका धानाच्या गावात, बौद्ध घरात, मी मुलगी म्हणून वाढलो, गावातल्या शिंपीचाचांकडे शिवण शिकलो आणि पुढची कितीतरी वर्षं बायकांचे ब्लाउज शिवत, डोळ्याच्या कोपऱ्यातून चाचांच्या टेबलावरच्या पँटी बघत बसलो. आई होती तोवर आईसाठी साडी नेसलो. आई गेली आणि वर्षाच्या आत मी नागपूरच्या एका डॉक्टरांकडे जाऊन बसलो. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, तपासण्या केल्या आणि इंजेक्शनं सुरू केली. त्यानंतर पोरं सोळाव्या वर्षी जे करतात ते मी पंचेचाळिशीच्या उंबरठ्यावर केलं. आवाज फुटला, तोही नेमका भाजीबाजारात, वांग्यांचा भाव विचारताना. अर्धा प्रश्न बाईच्या आवाजात आणि उरलेला कोंबड्याच्या. तोंडावर पुटकुळ्या आल्या. विनाकारण राग यायचा आणि विनाकारण भूक लागायची. आरशासमोर उभा राहून मी ओठावरचे केस मोजायचो. आज डोक्यावरचे पांढरे होत चाललेत, रक्तदाबाची गोळी सुरू आहे, पण तारुण्य म्हटलं की मला तीच दोन वर्षं आठवतात. माणसाचं एकच तारुण्य असतं आणि ते जेव्हा येईल तेव्हाच ते असतं, त्याला मी काय करणार.

ही दोन वर्षं मी नूरीअम्माच्या घरी काढली. गाव नदीकाठचं, तालुक्याचं. अहेरीच्या वाटेवरचं आहे एवढंच सांगतो. नाव लिहीत नाही, कारण ज्या दवाखान्याची ही गोष्ट आहे तिथली बरीच माणसं अजून नोकरीत आहेत आणि माझी गोळी मला तिथूनच आणावी लागते. नूरीअम्मा म्हणजे त्या भागातल्या हिजड्यांची गुरू. बल्लारपूरकडच्या बांगडीवाल्यांच्या घरात मुलगा म्हणून जन्मली, पोरवयातच घरातून निघाली आणि नदीकाठच्या या गावात येऊन बसली. साठी ओलांडलेली, अंगानं भरलेली, दम्याची जुनी रोगी. तिला शिंपी हवा होता. गावातले शिंपी तिच्या घरच्यांचं माप घेताना एकमेकांना डोळे मारायचे, टेप मुद्दाम नको तिथं लावायचे. मी ते करत नव्हतो. पहिल्या ब्लाउजला बाही चुकली तरी तिनं मला मागची खोली दिली, आणि त्या दिवसापासून त्या घरात माझं नाव पडलं मास्टर. शीला मी सोडून आलो होतो आणि शैलेश हे नाव अजून माझ्याच जिभेवर बसलं नव्हतं. मास्टर हे नाव मात्र बरोबर मापाचं निघालं.

त्या घराचा आवाज अजून कानात आहे. सकाळी सगळ्यात आधी अम्माचा खोकला, मग तिच्या औषधी पंपाचा फुस्स, मग पत्र्याच्या कूलरची घरघर, आणि रस्त्यानं लोहखनिजाचे ट्रक गेले की भांड्यांच्या फळीवरचे पेले आपसात बोलायला लागत. त्यात माझी मशीन. शुक्रवारी अम्मा मटण शिजवायची आणि आम्ही बाकीचे दिवस अंबाडीची भाजी खात शुक्रवारची वाट पाहायचो. काजल ही अम्माची चेली, भामरागडकडच्या माडिया गावातली, विशीतली, जिभेची तिखट. तिच्या गावाहून पानाच्या पुड्यात लाल मुंग्यांची चटणी यायची. मी पहिल्यांदा खाल्ली तेव्हा ती म्हणाली, "सावकाश खा मास्टर, एखादी जिती असन तं मिशी खाईन तुई." उन्हाळ्यात ती जावा करायची, म्हणजे आमच्याकडची आंबील, पण पातळ आणि आंबट. ती पिऊन आम्ही दुपारभर ओल्या फरशीवर लोळायचो.

माझ्या पुरुषपणाची शिकवणीही तिथंच झाली, आणि शिकवणारी अम्मा. ही गंमत मला आजही पुरते. जी बाई आयुष्यभर मर्दपणापासून पळाली, ती खाटेवर बसून मला मर्दपणा शिकवत होती. "मास्टर, बसला कसा रे तू? पाय जोडून, जशी हळदीची नवरी! फाकव. मर्द एकटा दोघायची जागा खाते." मी फाकवायचो. "आता चाल. कंबर कायले हालवून राह्यला? ते माह्यं काम आहे." मी चालायचो, काजल हसून लोळायची. एकदा मी विचारलं, अम्मा, तुम्हाला हे सगळं इतकं कसं ठाऊक? ती पंप तोंडाला लावत म्हणाली, "माह्या भावायनं मले मारून मारून शिकवलं ना. मी शिकली नाई. पडूनच आहे सगळं माह्याकडं. घे तू, कोनाच्या तरी कामी येऊ दे."

एका गोष्टीत मात्र मी तिचं ऐकत नव्हतो. छाती सपाट दिसावी म्हणून मी पट्टी बांधायचो. अशा कामासाठी शहरात वेगळे बनियान मिळतात हे मला पुढं कळलं. तेव्हा मी औषधाच्या दुकानातून गुडघ्याला बांधायची लवचिक पट्टी आणली होती आणि तिचे वेढेच्या वेढे घालून, वर बनियान, वर शर्ट, असा हिंडायचो. शिंपी असून माझ्याच अंगाला एक बरं कापड मी शिवू शकलो नाही, इतकी घाई. चंद्रपूर-गडचिरोलीचा मे महिना ज्यांना ठाऊक आहे त्यांना वेगळं सांगायला नको. अम्मा ओरडायची, "खोल रे ते, श्वास घे! मले श्वास भेटत नाई म्हनून मी पंप ओढतो, तुले भेटून राह्यला तं तू बांधून ठेवते!" मी म्हणायचो, सवय आहे.

त्याच उन्हाळ्यात कोरोनाची दुसरी लाट आली. रोज कोणाची तरी बातमी यायची. लस आली होती, पंचेचाळीसच्या वरच्यांना मिळत होती, म्हणजे मला आणि अम्माला. काजलच्या गावचे लोक लसवाली गाडी दिसली की जंगलात पळत होते. आमच्या घरी पळायला जंगल नव्हतं, पण अम्मा खाटेवरून हलायला तयार नव्हती. सुईला ती भीत नव्हती. ती भीत होती दवाखान्याला, आणि त्याचं कारण हीरा.

हीरा म्हणजे अम्माची गुरुबहीण, दोघी एकाच गुरूच्या. मी त्या घरात येण्याच्या आधीच्या पावसाळ्यात तिला मलेरिया झाला. तापानं फणफणलेली, तिला त्याच दवाखान्यात नेलं. बायकांच्या वॉर्डात बायका म्हणाल्या, हे इथं नको. पुरुषांच्या वॉर्डात नेलं तर तिथं लोक उठून बसले, शिट्ट्या झाल्या. मग तिची खाट व्हरांड्यात टाकली, चपला काढतात तिथं. सलाईन लावलं. रात्रपाळीचा एक कर्मचारी आणि त्याचे दोघं मित्र येऊन, तपासायचं आहे म्हणून, तिची साडी वर करून बघून गेले. सकाळी हीरा उठली आणि सलाईनची नळी ओढून, हातात सुई तशीच घेऊन, चालत घरी आली. अम्मानं ती सुई स्वतः काढली. त्यानंतर हीरा फार दिवस जगली नाही. हे मला काजलनं सांगितलं. अम्मा हीराबद्दल बोलायची तेव्हा फक्त तिच्या आवाजाबद्दल बोलायची, लग्नात ती कशी गायची त्याबद्दल. दवाखान्याचं एकच वाक्य होतं तिचं. "त्या पायऱ्या मी चढनार नाई, बेटा."

आता सगळं सोपं होतं, म्हणजे समजायला. दम्याच्या बाईला कोरोना झाला तर दवाखान्याशिवाय ती वाचणार नव्हती, आणि दवाखान्यात ती जाणार नव्हती. लस हा एकच रस्ता होता आणि तोही त्याच पायऱ्यांवरून जात होता. मी रोज मशीनवरून मान वळवून तिच्याशी वाद घालायचो. शेवटी एक तोड काढली. म्हटलं, "अम्मा, तुम्ही नका चढू. गेटपर्यंत चला, चिंचेखाली बसा. मी आत जातो, टोचून घेतो आणि ठणठणीत बाहेर येतो. माझ्याशी आतले लोक कसे वागले तेही सांगतो. मग तुम्ही ठरवा."

अम्मानं पंप खाली ठेवला. "अन् तुले काई केलं तं?"

"मला काय करणार? मी साधा माणूस."

"हो," काजल म्हणाली, "लई साधा."

त्या दिवशी मी इस्त्रीचा शर्ट घातला. दवाखान्यात फोटो काढायला फलक लावला होता, 'मी लस घेतली' असा, त्यापुढं उभं राहून सगळे फोटो काढत होते. मलाही काढायचा होता. पुरुष म्हणून तो माझा पहिला फोटो असणार होता, तेव्हा पट्टीचे दोन वेढे जास्त घातले. अम्मानं दारातच ओळखलं. "आज तरी खोल!" मी म्हटलं, आजच तर पाहिजे. सकाळपासून पोटात फक्त चहा होता. उत्साहात जेवण राहिलं होतं. अम्माला गेटपाशी चिंचेखाली बसवलं आणि काजल माझ्यामागं आवारात आली.

आता आपण पुन्हा त्या रांगेत. मागच्या बाईंनी आरडाओरडा केल्यावर गेटवरचा शिपाई आला आणि दंडाला धरून त्यानं मला पुरुषांच्या रांगेत नेऊन शेवटी उभं केलं. ती रांग उन्हात होती. बऱ्याच वेळानं खिडकीशी पोचलो तर कॉम्प्युटरवाला म्हणाला, "बायकोचं कार्ड कायले आनलं भाऊ? स्वतःचं द्या."

"माझंच आहे."

त्यानं कार्ड पाहिलं, मला पाहिलं, पुन्हा कार्ड पाहिलं आणि मोठ्यानं वाचलं. माझ्या मागची रांग पुढं सरकली, कान घेऊन. "शीला? तुम्ही?" मग शेजारच्याला, "ये इकडं, पाह्य हे काय आहे." शेजारच्यानंही पाहिलं. दोघांनी विचार करून निकाल दिला, कार्ड बाईचं आहे तर बायकांच्या रांगेत जावं. मी परत तिकडं गेलो. तिथल्या बाईंनी मला ओळखलं. "आला पाहा पुन्हा!" मी दोन रांगांच्या मधल्या मोकळ्या उन्हात उभा राहिलो. खरं सांगतो, तिथंच मला सगळ्यात ओळखीचं वाटलं. आयुष्यभर मी तिथंच तर उभा होतो, फक्त डोक्यावर इतकं ऊन नव्हतं.

सुटका केली ती आतल्या सिस्टरनं. ती काही देवमाणूस वगैरे नव्हती. सकाळपासून टोचून टोचून वैतागली होती आणि लसीची कुपी एकदा उघडली की तिच्यातले सगळे डोस संपवायला तिला तेवढी माणसं पुरी हवी होती. "एक जन कमी आहे, कोन आहे तो मधात उभा? बाहीच वर करायची आहे ना, बाकीचं मले काय करायचं? आणा त्याले." मी बसलो, बाही वर केली, सुई कधी गेली कळलंही नाही. मला जिंकल्यासारखं झालं. निरीक्षणाच्या खुर्चीवर बसून मी पाय फाकवून, अम्मानं शिकवल्याप्रमाणं, दोघांची जागा खाल्ली. खिडकीतून काजल दिसत होती. तिला अंगठा दाखवला. फलकासमोर फोटो काढायला उठलो, आणि फलकावरची अक्षरं आधी हिरवी झाली, मग काळी.

पुढचं मी पाहिलं नाही. पाहिलं ते काजलनं, आणि तिनं ते इतक्या वेळा सांगितलं आहे की आता मला पाहिल्यासारखं वाटतं. मी फलक घेऊनच पडलो. कोणीतरी ओरडलं, "रिॲक्शन! रिॲक्शन!" आणि निम्मी रांग गेटबाहेर पळाली. म्हणजे माझ्यामुळं त्या दिवशी किती लोकांची लस चुकली देव जाणे, आणि मी निघालो होतो भीती घालवायला. मला स्ट्रेचरवर टाकलं. डॉक्टर म्हणजे एक पोरगेलासा माणूस, नवीनच आलेला. त्यानं शर्टाची बटणं उघडली, बनियान वर केलं आणि पट्ट्या पाहून म्हणाला, "याला जखम आहे का?" आया म्हणाली, "जखम नाई साहेब, बाई आहे." कर्मचारी म्हणाला, "बाई कशी, मिशी आहे ना." तिसरा कोणी म्हणाला, "दोन्ही नाई, ते आहे, ते," आणि हसला. बघता बघता मोबाईल वर झाले. डॉक्टरनं हात मागं घेतला. कुठल्या वॉर्डात टाकायचं यावर बोलणं सुरू झालं. बायकांच्या वॉर्डातून आवाज आला, इकडं नको. पुरुषांच्या वॉर्डात कोणी काही म्हणालं नाही, पण दार लोटून घेतलं. स्ट्रेचर व्हरांड्यात उभं राहिलं, माझा शर्ट उघडा, आणि पट्टी तशीच आवळलेली. तेवढ्या वेळात श्वास वरच्या वर चालला होता म्हणे.

काजल धावत चिंचेखाली गेली. तिनं अम्माला काय सांगितलं ते ती प्रत्येक वेळी वेगळं सांगते. पण पुढचं सारखंच असतं. अम्मा उठली, पदर खोचला आणि पायऱ्या चढली. मध्ये थांबली, ती फक्त पंप ओढायला.

ती व्हरांड्यात आली. लोक तिच्या टाळीची वाट पाहत होते. बाजारात अम्माची टाळी ऐकून दुकानदार खुर्चीवरून उठायचे. तिनं टाळी वाजवली नाही. टाळीला लागतो तेवढा दम तिच्यात उरला नव्हता. तिनं फक्त पदर सोडला, त्याचं एक टोक काजलच्या हातात दिलं, दुसरं स्वतः धरलं, आणि माझ्या आणि त्या मोबाईलांच्या मध्ये एक हिरवा पडदा उभा राहिला. मीच पिको केलेली साडी होती ती.

डॉक्टर पडद्याआडून म्हणाला, "तुम्ही कोण? पेशंट लेडीज आहे की जेन्ट्स, ते तरी सांगा."

"पेशंट बेहोश आहे," अम्मा म्हणाली. "पहिले त्याले होशात आन. मग त्यालेच इचार."

मग सिस्टरकडं वळून, "कैची आहे का वो बाई? काप ते."

सिस्टरनं ड्रेसिंगची कैची आणली आणि पट्टी उभी कापली. काजल म्हणते, पट्टी फाटल्याचा आवाज आणि मी घेतलेला श्वास, दोन्ही एकदम झाले, आणि व्हरांड्यात कोणीतरी "हाऽऽ" केलं. डोळे उघडले तेव्हा मला आधी छत दिसलं, मग हिरवा पदर, मग अम्माचा चेहरा. मला पहिल्यांदा काय वाटलं असेल? वाटलं, अम्मा आत कशी? माझ्या हातात सलाईनची सुई होती. मी व्हरांड्यात होतो, शेजारी चपलांचा ढीग होता.

अम्माही त्या चपलांकडंच पाहत होती. ती खाली फरशीवर बसली. "इथीच," ती म्हणाली. डॉक्टरला नाही, कोणालाच नाही. "हीरालेही इथीच ठेवलं होतं. इथी, चपलांपाशी. रात्री तिची साडी वर करून पाह्यली." तिला पुढं बोलता येईना, छाती भात्यासारखी चालली होती. कर्मचारी खाली मान घालून उभा होता. तो त्या रात्रीचा होता की दुसरा, मला ठाऊक नाही. अम्मानं नंतर कधी सांगितलं नाही, मी विचारलं नाही. डॉक्टर आला, तिच्यासमोर उकिडवा बसला. स्टेथोस्कोप हातात घेऊन तो मध्येच थांबला आणि म्हणाला, "अम्मा, लावू का?"

मी त्या दवाखान्यात नंतर पुष्कळ वेळा गेलो. तिथं सगळं बदललं असं मी म्हणणार नाही. कार्डावरचं नाव बदललं, फोटो तितकाच वाईट आहे, आणि खिडकीवरचा माणूस अजून कधीकधी नाव वाचून माझ्याकडं दोनदा बघतो. पण "लावू का" हे दोन शब्द मी तिथं पहिल्यांदा ऐकले, ते अम्माला विचारलेले, आणि ते विचारताना त्या पोराचे कान लाल झाले होते. त्याआधी तो काही मिनिटं माझ्या उघड्या अंगापाशी हात मागं घेऊन उभा होता, हेही खरं. दोन्ही एकाच माणसानं केलं. मी अजून ठरवू शकलो नाही की त्याला कुठल्या रांगेत उभं करावं.

अम्मानं आधी पदर सारखा केला. मग मान हलवली. त्यानं छाती तपासली, वाफेचं यंत्र आणवलं, तिच्या तोंडाला लावलं. दोघं जण व्हरांड्यात, मी स्ट्रेचरवर, ती फरशीवर. तिचा श्वास खाली बसल्यावर सिस्टर आली. "अम्मा, एक डोस उरला आहे. कुपी उघडी आहे, वाया जाईन. तुम्ही वर आल्याच आहात तं घेता का?"

अम्मानं वाफेचा मास्क बाजूला केला. "अन् याच्यावानी मी पडली तं?"

"तुम्ही पट्टी बांधली आहे का?"

अम्मा हसली. हसता हसता खोकली, खोकता खोकता डोळे पुसले. "मी कायले बांधू? जे आहे ते सगळं मी मांगून घेतलं आहे." सिस्टरलाही हसू आलं. मग अम्मा उठली, पण आतल्या खोलीकडं जाताना बायकांच्या रांगेपाशी थांबली. तीच रांग. माझ्यावर ओरडणाऱ्या बाई तिथंच होत्या. त्या एक पाऊल मागं सरकल्या. जागा करून दिली की अंग चोरून घेतलं, ते मला स्ट्रेचरवरून नीट कळलं नाही. काजल म्हणते अंग चोरलं. अम्मा म्हणते जागा दिली. अम्मा त्या जागेतून पुढं गेली, एवढं मात्र दोघींना मान्य आहे.

तिनं बांगड्या वर सरकवल्या, बाही दुमडली. ती बाहीही माझीच, आणि ती दंडात घट्ट झाली होती हे मला तिथं पडल्या पडल्या दिसलं. सुई गेली. अम्मानं डोळाही मिटला नाही. मग ती निरीक्षणाच्या खुर्चीवर, पंख्याखाली, राणीसारखी बसली, सांगितला तेवढा वेळ पूर्ण बसली, आणि उठून आपल्या पायानं माझ्या स्ट्रेचरपाशी आली. मी काहीतरी मोठं बोलायच्या तयारीत होतो. आपण कसं जिंकलो, हीराला बरं वाटलं असेल, असलं काहीतरी. घसा साफ केला. अम्मानं माझ्याकडं वरपासून खालपर्यंत पाहिलं, सलाईनची बाटली, उघडा शर्ट, गळ्याशी आलेला मास्क, सगळं पाहिलं, आणि अख्ख्या व्हरांड्याला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली,

"एका सुईले चित झाला! बरं झालं मास्टर, तू बाई नाई राह्यला. तुह्याच्यानं एक बाळंतपन नसतं झालं."